खंडेनवमीला पुसलेला प्रोसेसर

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. तो दादांकडून आला असं आई म्हणते, पण दादा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन परतले तेव्हा आपला राग तिकडंच जमा करून आले असावेत. मी त्यांना चिडलेलं फारसं पाहिलं नाही.

लग्न होऊन मी सांगलीला आले, तेव्हा माझा कॉलेजातला कॉम्प्युटर साताऱ्याजवळच्या आमच्या गावीच राहिला. दादांनी तो ताब्यात घेतला. गावात पेन्शनवर जगणारे फौजी आणि फौजींच्या विधवा पुष्कळ. दर नोव्हेंबरात त्यांना आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यावा लागतो. दादांनी बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणून कॉम्प्युटरला जोडलं आणि सोप्यात ड्युटी सुरू केली. कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

पण कॉम्प्युटर थकला होता. एक दाखला होईस्तोवर समोरची म्हातारी बसल्या जागी पेंगायची. "माज्यापरीस ह्योच म्हातारा झालाय," दादा म्हणायचे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि मीच दोन वर्षं 'बघते, बघते' करत होते. शेवटी एका गणपतीत, त्याच मशीनला बसणारा, वापरलेला पण बराच वेगवान प्रोसेसर सांगलीतल्या दुकानातून घेऊन गेले.

गौरी जेवल्या त्या दुपारी मशीन उघडलं. दादा समोर पाटावर बसले, हातात स्टीलची वाटी. मी काढलेला एकेक स्क्रू ते वाटीत मोजून घेत होते. पंखा काढला, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला. त्यावर ट्यूबमधून डाळीच्या दाण्याएवढी करडी पेस्ट सोडली.

"ह्ये काय गं? ग्रीस हाय का?" दादांनी विचारलं.

ती पेस्ट प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडं पोचवते. ती नसली तर मशीन तापून बंद पडतं. शाळेत पोरांना मी हे दहादा सांगते. पण पाचची एसटी गाठायची होती.

"हं," मी म्हणाले.

मशीन सुरू झालं आणि दादा खुर्चीत पोरासारखे हलायला लागले. "लय झ्याक पळतंय! यंदा नोव्हेंबरात रांगच लागायची न्हाई बघ."

आमच्याकडं खंडेनवमीला कोयता, विळा, कुऱ्हाड सगळं घासूनपुसून पुजतात. दादा काही वर्षांपासून कॉम्प्युटरही पुजायचे. त्या वर्षी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्यांचा फोन आला. माझ्या घरी सोनं द्यायला पाहुणे आले होते.

"पाच मिन्टं चालतंय अन् बंद पडतंय गं. काल तर आतनं लख्ख केलं हुतं."

"आतनं? काय पुसलंत?"

"ते करडं ग्रीस. तू काढताना बघितलं हुतं न्हवं, तसाच पंखा काढला. समदं आरशागत केलं, मग पुजा केली."

माझं टाळकं सरकलं. "कुणी सांगितलं हुतं हात लावायला? कळत न्हाई त्यात बोटं कशाला घालायची? आता बसा तसंच!" पाहुणे आपट्याची पानं हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

मग दादा म्हणाले, "चुकलं बाय." हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता.

दिवाळीत येऊन दुरुस्त करते असं मी म्हणाले आणि गेले नाही. आईला पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. खरं म्हणजे माझा घुस्सा उतरला नव्हता. नोव्हेंबरात गावातली म्हातारी माणसं दाखल्यासाठी एसटीनं साताऱ्याला गेली. दादा प्रत्येकाबरोबर गेले, रांगेत उभे राहिले. "कॉम्प्युटरवर चादर टाकलीया," आई फोनवर म्हणाली. "तिकडं बघत बी न्हाईत."

पौषात एका सकाळी चहा पितापिता दादा गेले.

तेराव्यानंतर आईच्या पेन्शनचे कागद करायचे होते, म्हणून मी चादर काढली, मशीन उघडलं. आत धुळीचा कण नव्हता. पंख्याच्या कडेला हळदकुंकवाचं बोट, झेंडूची एक सुकलेली पाकळी. प्रोसेसर खरंच आरशासारखा चकाकत होता. मी पेस्ट लावली. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. मशीन चटकन सुरू झालं आणि मी आईला कळू नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडले.

दुपारी दादांच्या पलटणीतले एक काका भेटायला आले. सुरू मशीन बघून त्यांनी विचारलं, तेव्हा मी काय झालं होतं ते सांगितलं. काका एवढ्या दुःखातही हसले.

"आगं, पुसनारच की त्यो! कोठीतली नवी रायफल ग्रीसनं बरबटल्याली असती. ती लख्ख पुसल्याबिगर गोळी घालायची न्हाई, न्हाईतर नळी फुटती. रंगरूट असल्यापास्नं हाडात मुरलंय आमच्या."

मग त्यांनी आईनं दिलेल्या चहाचा एक घोट घेतला.

"पर अनोळखी हत्याराला त्यो इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई. आख्ख्या पलटणीत त्याची चूक कवा कुणी काढली न्हाई. तुला इचारलं असंल की, ह्ये ग्रीस हाय का म्हणून?"

आई दारात उभी होती. ती पण माझ्याकडं बघत होती.

"न्हाई काका," मी म्हणाले. "न्हवतं इचारलं."

काकांनी उरलेला चहा संपवला, कप खाली ठेवला.

"मग चुकलाच म्हणायचा," ते म्हणाले आणि टोपी घालून उठले.