कडुनिंबाची कड

पिंपळगाव राजात पंजाबराव मिस्त्रींनी बसवलेलं दार कुरकुरल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. कोपऱ्यात गुण्या लावला की काटकोन म्हणजे काटकोन! हा हट्ट उगाच आलेला नव्हता. तरुणपणी खामगावच्या आरा मशीनवर ओझी उचलता उचलता ते रंधा धरायला शिकले, तेव्हा गावातल्या काहींनी नाकं मुरडली होती. बौद्धांच्या पोराला सुतारकी जमते का, म्हणे. पंजाबराव कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी कामात बोट ठेवायला जागाच सोडली नाही. नाकं मुरडणाऱ्यांच्या घरांनाही आता त्यांचीच दारं आहेत आणि ती झकास लागतात.

अशा माणसाच्या पोटी सुवर्णा जन्मली. सुतारकी बापाकडूनच शिकली, पण तिची तऱ्हा निराळी. बुंधा उभा चिरून निघालेली जाड फळी घ्यायची, साल तेवढी सोलायची आणि झाडाची वळणं कडेला जशीच्या तशी ठेवून टेबलं, बाकं करायची. मोबाइलवर फोटो पाहून नागपूरचे लोक ती घेऊन जात. "लोकं पागल झाले," पंजाबराव म्हणत. मग शेजाऱ्याला बोलावून तेच टेबल कौतुकाने दाखवत, ही गोष्ट वेगळी.

विहाराजवळचा जुना कडुनिंब वादळात आडवा झाला, तेव्हा विहार समितीच्या प्रेमानंद गुरुजींनी त्याच लाकडाचं टेबल अभ्यासिकेसाठी सुवर्णाला सांगितलं. गावासाठी तिचं हे पहिलंच काम. बुंधा चिरून फळ्या वर्षभर सावलीत वाळवल्या. बऱ्याचशा तडकल्या. धड राहिल्या त्या दोनच, बुंध्यातून एकमेकींना लागून निघालेल्या. एक टेबलाला, दुसरी बाकाला.

टेबल द्यायला दोन दिवस उरले आणि सुवर्णा पॉलिश आणायला खामगावला गेली. पंजाबराव कामाच्या छपरीत आले. फळी घोटून गुळगुळीत, पण दोन्ही कडा वाकड्या! आता हे गावासमोर जाणार, लोक काय म्हणणार? त्यांनी मायेनेच सूत मारून सरळ रेघ आखली, कापायची मशीन चालवली, वरून रंधा फिरवला आणि एक कड सुतासारखी सरळ केली. दुसरी करणार, तेवढ्यात सुवर्णा दारात उभी.

"बाबा, हे काय केलं वो तुम्ही?"

"मले वाटलं, तुयं काम बाकी राह्यलं. लोकायले बोलाले जागा काऊन द्याची?"

"बाकी नव्हतं. ज्यायनं त्या झाडाची सावली घेतली, त्यायले ते ओळखू यावं म्हणून कड ठेवली होती." ती भुशातच मटकन बसली. "आता कोन्तं झाड अन् कोन्तं काय!"

पंजाबरावांनी हातातला रंधा खाली ठेवला. गावाने कधी काढली नाही अशी चूक पोरीने काढली होती, आणि ती शंभर टक्के खरी होती. आतून सुवर्णाची आई रुख्मिणीबाई म्हणाल्या, "झालं समाधान?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सकाळी ते छपरीत आले. भिंतीला टेकलेल्या दुसऱ्या फळीकडे पाहत राहिले.

"सुवर्णा, हिचीबी एक कड सरळ केली अन् दोन्ही जोडल्या तं? वाकड्या कडा बाहेरून राह्यतीन. बाक दुसऱ्या लाकडाचं करू."

"तिले हात लावू नका, बाबा."

"नाही लावत. सूत तू मार. तू म्हनशीन तिथंच मी रंधा चालवीन."

सुवर्णाने त्या फळीच्या कडेवरून हात फिरवला. ही फळी बिघडली तर कडुनिंब संपला. शेवटी ती उठली आणि तिने सूत मारलं. पंजाबरावांनी रंधा धरला. दोन्ही कडा जुळवून उजेडाकडे धरायच्या, फट दिसली की पुन्हा रंधा. उजेडाचा धागाही आरपार जाईना, तेव्हा कुठे सुवर्णाने मान हलवली. मग सरस लावून फळ्या शिकंज्यात कसल्या. मोकळ्या केल्या तेव्हा लाकडाच्या रेषा मधून दोन्हीकडे ओंजळीसारख्या उमलल्या होत्या. आधी ठरलेल्या टेबलापेक्षा हे टेबल देखणं झालं होतं, आणि बापलेक दोघांनाही ते कळत होतं.

अभ्यासिकेत माणसं टेबलाभोवती जमली. प्रेमानंद गुरुजी बोटांनी जोड शोधत राहिले. तो काही सापडेना. मग त्यांचा हात कडेवर गेला.

"पंजाबराव, तुमच्यासारख्या मिस्त्रीची कड वाकडी? सरळ कराची राह्यली का?"

"राह्यली नाही, गुरुजी. ठेवली हाये." पंजाबरावांनी सुवर्णाकडे हात केला. "अन् मिस्त्री मी नाही. मिस्त्री ह्या हायेत. मी यायच्या हाताखाली होतो."

बापाने आपल्याला चारचौघांत 'ह्या' म्हटलं, हे सुवर्णाला क्षणभर खरंच वाटेना.