दर्भाचा पुतळा

मी मेलो असं घरच्यांनी ठरवलं, त्याला वादळापेक्षा माझ्या पुतणीचं लग्न अधिक कारणीभूत झालं.

द्वारकेकडच्या संस्थानी बंदरावर मी बचाव-होडीचा प्रमुख होतो. बडोद्यातले आमचे सगळे नातेवाईक कचेरीत पागोटं घालून बसणारे. ‘हा खारव्या-खलाशांत राहतो,’ म्हणून नाकं मुरडायचे. मुरडोत बापडे. फुटल्या गलबतावरून खलाशी ओढून आणला, की त्याची बायको भर किनाऱ्यावर माझ्या पायांवर डोकं ठेवायची. खाऱ्या पाण्याने हातांची सालं निघाली, कंबर कायमची धरली, पण तसलं सुख कचेरीत कुणाला मिळालं असेल, असं मला वाटत नाही.

एका कार्तिकात वादळात आमची होडी उलटली. अरबस्तानाकडे निघालेल्या गलबताने आम्हांला उचललं आणि तार नाही की टपाल नाही अशा एका बारक्या बंदरात नेऊन उतरवलं. इकडे बडोद्याला तार गेली, की मी बेपत्ता आहे. बेपत्ता माणसाची वर्षानुवर्षं वाट बघायची, असं शास्त्र सांगतं. पण दादाच्या मुलीचा मुहूर्त तोंडावर आलेला. ऐन लग्नात सुतक निघालं तर काय, म्हणून वरपक्ष कुरकुरायला लागला. झालं. दादाने भटजींना गाठलं, विश्वामित्रीच्या काठी दर्भाचा पुतळा माझ्या नावाने जाळला आणि तेरावं उरकून घेतलं. लग्न म्हणे थाटात झालं.

फाल्गुनात मी परतलो, तर दादाने मला दारातच अडवलं. “शास्त्राने तू मेलास. आधी पुन्हा जन्म घ्यावा लागेल.”

मग तेही सोंग पार पडलं. मिशीवाल्या बाप्याचं बारसं झालं, मुंजही झाली. गल्लीतली माणसं गच्चीवरून बघत होती. संतापाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, पण सगळं सोसलं ते एकाच गोष्टीसाठी. बायकोशी पुन्हा लग्न लागलं, की तिच्या कपाळी कुंकू येणार होतं.

ती दाराआड उभी होती. हात ओकेबोके. म्हणाली, “अहो, नोकरी सोडणार का?”

“नाही,” मी म्हणालो. “तिथे माणसं बुडतात.”

“मग लग्न राहू द्या. लोकांच्या बायकांची कुंकवं राखताय ना, राखा. माझं एकदा रडून झालंय. पुन्हा तार आली, तर माझ्याजवळ जाण्यासारखं काही नको.”

नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. दादाने समजावलं, मी ओरडलो, शेवटी हातही जोडले. ती हलली नाही. मी समुद्रावर परत गेलो. पुढे कितीतरी माणसं बाहेर काढली, त्यांच्या बायका पायाही पडल्या. मला ते बघवेना.

आता पेन्शन घेऊन घरी बसलोय. ती माझं पथ्यपाणी सांभाळते, रात्री खोकला उठला तर गरम पाणी आणून देते. आल्या आल्याच तिला म्हटलं होतं, “आता समुद्र संपला. आता तरी लग्न लावू या.”

भातावर तूप वाढता वाढता ती म्हणाली, “आता कशाला? मला सवय झालीय.”