आपानं पथ्य उठवलं

इकडं ये, नाझनीन. अशी जवळ बस, कागदावर का होईना. फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर नाय. माझ्या मांडीवर बसून दूध-भाकरी खाल्लेली पोर तू, म्हाताऱ्या सुमनखालाशी अबोला धरतेस, हे काय बरं नाय बाई. पुरवणी मात्र तू वाचतेस, म्हणून इथं लिहिते. बाकीचे ऐकतील तर ऐकू देत.

तुझी अम्मी, आमची सईदाआपा, जाऊन महिना उलटला. जुन्या शहरातला तिचा युनानी दवाखाना वडिलांकडून आलेला. त्या सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. तू दुपारी पुण्याहून पोचलीस, अम्मीचं तोंड बघितलंस आणि मला एवढंच बोललीस, "खाला, तुम्हाला अर्थ ठाऊक होता. नाही म्हणायचं ना." त्यानंतर शब्द नाय...

अर्थ काय, ते वाचणाऱ्यांना सांगते. आपाकडं औषधाआधी ताट. ती सांगायची, हजार वर्षांमागं बगदाद-दमास्कसचे हकीम जेवणानं माणूस बरा होत असेल तर दवा द्यायचे नाहीत. तिथल्या मोठ्या दवाखान्यांत धर्म न विचारता ठेवून घ्यायचे, आणि अख्खी रोटी न् कोंबडी पचवली की बरा झाला म्हणून घरी धाडायचे म्हणे. खरंखोटं तिलाच माहीत. पण नाडी बघून ती कुणाचं दही बंद करायची, कुणाची वांगी, आणि मोहल्ला कुरकुरत पाळायचा. उलटंही सगळ्यांना ठाऊक होतं. आपा एखाद्याला "जो दिल चाहे खाओ" म्हणाली, की घरच्यांनी समजून घ्यायचं. तिच्या वडिलांची रीत ती. मरण तोंडानं सांगायचं नाही, पथ्य उठवायचं.

आमच्या यांचं लिव्हर गेलं होतं. कितीतरी महिने अळणी खात होते. एका संध्याकाळी आपा आली, मनगट लई वेळ धरलं आणि विचारलं, "भाऊ, क्या खाओगे?" हे हरखलेच. "मटण. पाचोडच्या बाजारातलं. आणि हिला सांगा, तिखटाला हात आखडू नको म्हणावं."

"मैं बोलती उसकू," असं म्हणून आपा स्वयंपाकघरात आली. मसाल्याचा डबा काढला आणि माझ्याबरोबर कांदा चिरायला बसली, त्यामुळं दोघींच्या रडण्याची सोय झाली. यांनी दोन घास खाल्ले. शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, बरा झालो, पथ्य सुटलं. त्याच आठवड्यात गेले. त्यांना कळलं नसेल का... मी अजून विचार करते.

पुढं आपाच्याच किडन्या गेल्या. हकीम असून डायलिसिसच्या मशीनवर जातेस, लोक हसतील, असं मी चिडवलं तर म्हणायची, "हसने दो. खून तो साफ होरा." मीठ स्वतःच बंद केलं होतं तिनं, डॉक्टरांच्याही आधी.

जायच्या दोन दिवस आधी म्हणाली, "सुमन, तुझं कैरीचं लोणचं आण."

"आपा, मीठ बंद आहे तुझं."

"बंद मैंच की ना? तो मैंच खोलती."

तिची तीन बोटं तिच्याच मनगटावर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पुंडलिकनगरातल्या माझ्या घरातून हललेच नाय. लोणचं नेलं नाही तर ती थांबेल, असलं येड डोक्यात. मग तिचाच फोन आला. "सगळ्यांना मी सांगितलं गं. मला कोण सांगणार?"

गेले. वाटी पुढं केली. तिनं एक फोड चघळली, तोंड वाकडं केलं. "मीठ कम डाली तू." मग फोड बशीत ठेवून म्हणाली, "नाझनीन भांडेल तुझ्याशी. भांडू दे. माझ्याशी भांडायला ती पोचायची नाय."

मी संध्याकाळीच तुला फोन केला, लोणच्याचंही सांगितलं. तू सकाळी निघते म्हणालीस. सकाळपर्यंत उशीर झाला.

एका फोडीनं माणूस जातं की नाय, डॉक्टर तू आहेस, तूच जाण. मला एवढं कळतं की मी नाही म्हणाले असते तर तिला जे कळलं होतं, ते तिला एकटीलाच ठाऊक राहिलं असतं. तेवढं मी होऊ दिलं नाय. तुझा राग त्यासाठी असेल तर असू दे, तो माझ्याकडंच राहील.

आता घरी कुणी आलं की "काय खाणार" हे माझ्या तोंडून निघत नाय. परवा पाचोडहून माझा भाऊ आला. न विचारता पिठलं-भाकरी पुढं ठेवली, तर फुगून बसला, "आता पाहुण्याला विचारायचं बी नाय व्हय?"

तू ये. लवकर ये, भांडायला म्हणून ये. मी काही विचारणार नाय. असेल ते वाढीन.