बेरिलचा बॅज

सिस्टरनं टेबलाचा खण ओढला. आत रबरबँड, संपलेली बॉलपेनं, एक मोडकी कात्री. त्याच्याखालून तिनं पांढरा प्लास्टिकचा बॅज काढला. त्यावर निळ्या अक्षरांत नाव होतं, बेरिल. अंगठ्यानं तिनं तो पुसला आणि स्वतःच्या हातानं माझ्या युनिफॉर्मवर लावला.

"दिस विल डू," ती म्हणाली.

हे चालेल. मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्याआधी तिनं फॉर्मवरचं माझं नाव वाचायला घेतलं होतं, अर्ध्यात सोडलं आणि हसली. मग बाकीच्या नर्सेस हसल्या. मग मीही हसले. त्यांचं हसणं मी विसरले असते. माझं नाही विसरता येत.

ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षं झाली असतील. पूर्व लंडनमधलं हॉस्पिटल, म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड. सिस्टर म्हणजे वॉर्डची मुख्य नर्स आणि मी मदतनीस. अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, बेडपॅन धुवायचे, घास भरवायचे. बेरिल माझ्या आधी हेच करायची. ती रिटायर झाली, बॅज खणात राहिला. तिची जागा मला मिळाली, त्याबरोबर तिचं नावही मिळालं.

खिडकीपाशी एक पेशंट होती, ती माझा बॅज बघून खूश व्हायची. "आमच्या वर्गात चार बेरिल होत्या," ती सांगायची. "आता कोण ठेवतंय? तुझ्या वयाची बेरिल मी पहिलीच बघतेय."

माझं खरं नाव इथं लिहीत नाही. ते सोपं की अवघड, यावर आता कुणाचं मत नकोय मला. ते बाबांनी ठेवलं होतं एवढं पुरे.

बाबांचं नाव दगडू. आजोबांनी त्यांचं नाव वेगळं ठेवलं होतं, चांगलं, राजाचं. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तर म्हणाला, "तुमच्या वस्तीला एवढं मोठं नाव कशाला रे?" आणि रजिस्टरमध्ये दगडू लिहिलं. बाबा फॅक्टरीतल्या कामाला इंग्लंडला आले, तेव्हा पासपोर्टवरही तेच आलं. मी झाले तेव्हा त्यांनी आईला सांगितलं, हिचं नाव मी ठेवणार, आणि ते कुणाला बदलू देणार नाही. आठ दिवस शोधत होते म्हणे.

म्हणून घरी मी बेरिलबद्दल बोललेच नाही. ड्यूटी संपली की हॉस्पिटलबाहेर, इल्फर्डच्या बसस्टॉपवर बॅज काढायचा, जेवणाच्या डब्यात टाकायचा. सकाळी त्याच स्टॉपवर पुन्हा लावायचा. नऊ वर्षं हेच चाललं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर मला लाज वाटत होती.

हॉस्पिटलात एक मराठी डॉक्टर होते, पुण्याचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी आनंदानं विचारलं, "अरे वा, मराठी का तुम्ही? आडनाव काय?" मी सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी कधी मराठीत बोलले नाहीत. "बेरिल, कुड यू मूव्ह दॅट ट्रॉली?" एवढंच. आणि कबूल करते, मलाही ते सोयीचं वाटलं. बेरिलला आडनाव कुणी विचारत नाही.

मग तो रविवार आला.

आईच्या छातीत सकाळी कळ आली. अॅम्ब्युलन्सनं तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मी दोन मजले वर होते, एका आजीचे केस विंचरत होते. आई बाबांना म्हणाली, "पोरीला बोलाव." बाबा चौकशीच्या टेबलापाशी गेले. माझं नाव सांगितलं. तिथल्या बाईला कळेना, म्हणून कागद मागून घेतला आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर सुटं करून लिहून दिलं. रविवार म्हणून ऑफिस बंद. त्या बाईनं म्हाताऱ्या बायकांच्या चारही वॉर्डांत फोन केले. आमच्या वॉर्डात फोन एका नव्या नर्सनं उचलला. तिला येऊन तीन आठवडे झाले होते. तिच्यासाठी मी बेरिल. तिचा काय दोष?

"नो वन बाय दॅट नेम वर्क्स हिअर, लव्ह," चौकशीवाली बाई बाबांना म्हणाली, आणि कागद परत दिला.

बाबा आईकडे गेले, पुन्हा खाली आले, पुन्हा विचारलं. तेच उत्तर. तीन वाजता माझी ड्यूटी संपली. मी मागच्या जिन्यानं उतरले, स्टॉपवर बॅज काढला, बसमध्ये बसले. घरी पोचले तेव्हा शेजारीण दारात उभी होती. तिनं आईचं सांगितलं आणि मी तशीच उलटी हॉस्पिटलकडे फिरले.

आई गेली होती. वीस मिनिटं झाली होती.

बाबा खुर्चीवर बसले होते, हातात तो कागद. रडत नव्हते. मला म्हणाले, "तू इथंच काम करतीस ना गं? मग यांना तू कशी ठाऊक न्हाईस?"

मी डबा उघडला आणि बॅज दाखवला. बाबांनी तो वाचला.

"मला नाव लावलं तवा मी सहा वर्साचा हुतो," ते म्हणाले. "तू तर शिकल्याली हायेस."

आयुष्यात बाबांनी मला मारलं नाही. पण त्या वाक्यानं मी मोडले ती मोडलेच. आई मला शोधत गेली. मी तिच्या डोक्यावर दोन मजले होते आणि तिथं माझ्या नावाचं कुणी नव्हतं, मीसुद्धा.

सुतकाच्या रजेत लायब्ररीत गेले. नावांचं एक जाड पुस्तक होतं, त्यात बेरिल शोधलं. हिरवट रंगाचं एक रत्न, त्याचं नाव. ग्रीकमधून आलेलं, त्याआधी हिंदुस्थानातून. शतकाच्या सुरुवातीला बरंच चाललं, मग ओसरलं, आता क्वचित कुणी ठेवतं. दोनदा वाचलं. रत्न म्हणा नाहीतर काही, शेवटी दगडच. बापाला मास्तरनं दिला, लेकीला सिस्टरनं. आणि हे नाव इंग्रजांनी स्वतःच्या पोरींना ठेवायचं केव्हाच सोडलं होतं. आमच्या आज्यांना सणाला वाड्यांतून उतरलेली लुगडी मिळायची, तसं मला हे मिळालं होतं. मीही ते नेसून नऊ वर्षं मिरवलं.

रजा संपली त्या सकाळी जिन्यात ते पुण्याचे डॉक्टर भेटले. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. नऊ वर्षांनी मराठीत बोलले. "फार वाईट झालं हो. पण नावाचं मनाला लावून घेऊ नका. बेरिल म्हणजे आपलं वैडूर्य. संस्कृतातून गेलेला शब्द. म्हणजे नाव आपलंच की."

"तुमचं असेल, डॉक्टर," मी म्हटलं. "माझ्या वडलांना कुणी संस्कृत शिकवलं नाही. दगडू म्हणायला मात्र सगळे होते."

ते घड्याळ बघत खाली गेले.

वॉर्डात जाऊन मी बॅज सिस्टरच्या टेबलावर ठेवला. "पण तुला सगळे बेरिल म्हणूनच ओळखतात," ती म्हणाली. वाईट बाई नव्हती. आईसाठी तिनं फुलं पाठवली होती. कार्डावर लिहिलं होतं, प्रिय बेरिल.

"तेच तर," मी म्हटलं.

"नवा बॅज यायला सहा आठवडे लागतील. बॅजशिवाय काम करता येत नाही."

मी खिशातून बाबांचा कागद काढला. घडीवर थोडा फाटला होता. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची चिकटपट्टी घेतली, चार तुकडे कापले आणि तो कागद छातीवर चारही बाजूंनी घट्ट चिकटवला. सिस्टर बघत राहिली. मी म्हटलं, "वाचा." तिनं अर्ध्यात सोडलं. "पुन्हा वाचा." या वेळी कुणी हसलं नाही, आणि मी तर नाहीच. तिसऱ्यांदा तिनं पूर्ण वाचलं.

आई परत आली नाही. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही, माझ्याशी पूर्वीसारखं बोललेही नाहीत. हे असंच राहणार.

पण त्या दिवसापासून एक ठरलं. पेशंट कळवळून कुठल्याही नावानं हाक मारो, मी धावते. बाकी कुणी, डॉक्टर असो की मॅनेजर, बेरिल म्हणून हाक मारली की मी हातातलं काम थांबवत नाही. पुन्हा हाक आली की मान वर करून सांगते, या नावाचं इथं कुणी काम करत नाही.