कोळसा वरून, आमी खालून

आमच्या खोलीवरून कोळसा जाये. खोटं नाई सांगत. नवरा चंद्रपूरकडच्या खाणीच्या गावात कामाले लागला, मी कुरखेड्याकडून दीड वर्षाची पोट्टी घेऊन आली, तं पयल्याच दिवशी पायलं, तारेवर लोखंडी डबे लटकून जाऊन राह्यले, एकामागून एक, धूर नाई, धूळ नाई. त्यात नाई मावला तो कोळसा ट्रकानं, आमच्या दारातून. भात वाढला का त्याच्यावर काळी साय धरे. थुंकलं तरी काळं. पोट्टीचा काळा शेंबूड पुसू पुसू मले माह्याच पदराची किळस ये.

मंग तिची छाती वाजाले लागली, शिट्टीसारखी. दवाखाना रेल्वे फाटकाच्या पल्याड.

एका सकाळी तिचा दम वर-वर चालला, बरगड्या आत ओढे. मले भेव सुटलं, तशीच ऑटोत बसली. फाटकावर ट्रकांची लाईन, ऑटो जागचा हालेना.

"भाऊ, घ्या ना बाजूनं, पोट्टीले दम लागला!"

"कुठून घेऊ बाई? पंख लावू का ऑटोले?"

वर डबे चाललेच होते, मस्त झुलत. माहं डोकं फिरलं. "कोळशाले वरून नेता येते, मंग मानसाले काऊन नाई नेत?"

ऑटोत बाजूले बसलेली म्हातारी बाई म्हने, "तू कोळसा हो ना वो, मंग नेतीन तुले."

सारे हसले. मले हसू नाई आलं. नवऱ्यानं मोबाइलवर दाखवलं होतं, कुठल्यातरी डोंगरावरच्या शहरात झोपडपट्टीतल्या बाया अशाच तारेवरच्या पाळन्यात बसून कामाले जातात, दवाखान्यात जातात, बससारखं तिकीट काढून. मी बी एकदा बसली होती, देवीच्या डोंगरावर, पोटुशी असतानी. नवऱ्याचा हात असा धरला का नखं रुतली. पन वर हवा साफ होती, पाळना विजेवर चाले, खाली एक झाड तोडलं नव्हतं, अन् एक लंगडा म्हातारा माह्याबरोबरच वर पोचला. फाटकावरून तसा पाळना असता तं पाच मिनटाचं काम. पन आमच्यासाठी कोन लावते!

मी उतरली, पायीच निघाली. आमच्याकडं धानाच्या मळनीत भुसा उडते, तं बाया लेकराच्या तोंडावर ओला फडका बांधतात, भुसा फडक्याले चिकटते, लेकरू झोपून जाते. मी फडक्यावर बाटलीतलं पानी ओतलं अन् तसाच पोट्टीच्या तोंडावर बांधला. ट्रकांच्या मधून चालू लागली. पोट्टी हातपाय झाडे, मले वाटलं रडते. मंग गप्पच झाली. पायलं तं काय, फडक्यावर कोळशाचा चिखल बसला होता, जाड, थंड, हवाच आत जाईना. ओढून फेकला. ओठ निळे पडले होते. मीच मारून राह्यली होती तिले. पळाली मी, चप्पल कुठी गेली मालूम नाई.

दवाखान्यात नर्सबाईनं मशीनची वाफ लावली. "तोंडावर हे काळं काय?"

मी सांगितलं.

"अक्कल हाय का तुले?"

हळूहळू बरगड्यांचं ओढनं थांबलं, ओठाले रंग आला. नर्सबाई म्हने, "पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ वाफ लागन. घेऊन येत जा."

म्हनजे रोज दोनदा तोच रस्ता. मी बाहेर नालीवर जाऊन ओकली.

दुपारी नवरा ड्युटीवरून आला. "चाल घरी."

"मी नाई येत."

"पाच दिवस इथी ऱ्हाशीन? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. पोट्टीले घेऊन मी फाटक नाई ओलांडत."

तो गेला, चटई अन् डबा घेऊन आला. व्हरांडा घान होता, संडास तुंबलेला, फिनाईलच्या वासानं घास उतरेना. तरी तिथीच राह्यली. तिच्या छातीले कान लावून बसे मी. चौथ्या दिवशी दुपारी कान लावला तं शिट्टी नाई. पुन्हा लावला. नाई. पोट्टीनं माहे केस ओढले, भात मागतला.