काकांचं रबरी गांडूळ

"वाकडं! पुन्हा वाकडं लावलंस, पुणेकरा! ते पोहतंय की त्याला फिट आलीय?"

काकांचं हे ओरडणं समुद्रापलीकडे इराणात ऐकू जायचं. तिकडचे कोळी दचकून आपापले गळ तपासत असणार, याबद्दल माझी खात्री आहे. ओरडा मात्र मलाच असायचा. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आखातातल्या जबल अलीजवळच्या दगडी बांधावर, हातात वीतभर रबरी गांडूळ घेऊन मी उभा.

काका मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्या बांधकाम कंपनीत टॉवर क्रेन चालवायचे. मी एचआरमध्ये पत्रं टाइप करणारा. मासा फक्त ताटात पाहिलेला. प्लास्टिकला मासा लागतो होय, म्हणून अख्खा लेबर कॅम्प काकांना हसायचा. काका उलट कोळंबी लावणाऱ्यांनाच आळशी ठरवायचे. "मेलेलं काय, कुणीपण लावेल! रबरात जीव घालून दाखव!"

जीव घालायची रीत अशी. गळाचं टोक गांडुळाच्या तोंडातून आत घालून लगेच खालून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा पोटात लपवायचं. मग ते दगडात अडकत नाही. पण गांडूळ सरळ बसलं पाहिजे. जरा चुरगळलं की पाण्यात त्याची भिंगरी होते. फाटलेली गांडुळं काका लायटरने वितळवून जोडायचे. अर्धं गुलाबी, अर्धं हिरवं असं एक होतं. त्या एकट्याने इतके हमूर मासे ओढले, की कंपनीने त्याला लेबर कार्ड काढून द्यायला हवं होतं. त्यातला एक हमूर ऑफिसच्या फ्रिजएवढा होता. तुम्ही विश्वास ठेवू नका, पण होता.

मासा लागला की मी घाईने झटका मारायचो. "थांब रे! रबर मऊ आहे, तो थुंकणार नाही. चघळू दे त्याला!"

मग मंदी आली आणि आमची साइट बंद पडली. काका तरी रोज सकाळी आठला क्रेनवर चढायचे, केबिनच्या काचा पुसायचे, ग्रीस लावायचे. "सुरू होईल, इन्शाल्ला."

एका गुरुवारी माझ्या टेबलावर कपातीची यादी आली. चौथं नाव काकांचं. मी मॅनेजरकडे धावलो.

"सर, एकवीस वर्षं झाली त्यांना."

"लिस्ट वरून आलीय. संडेला लेटर द्या. तोवर कुणाशी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बांधावर मी तीनदा तोंड उघडलं. "काका, एक सांगायचंय..." तिन्ही वेळा पाण्याकडे बघत ते म्हणाले, "आधी मासा."

आणि मासा लागला. माझ्याच दोरीला, त्याच दुरंगी गांडुळाला.

"चघळू दे... चघळू दे... आता! मार! अरे मार!"

माझा हातच हलला नाही. माशाने दोरी दगडावर घासून तोडली आणि गांडूळ घेऊन गेला.

"मेलास की काय, पुणेकरा?"

"काका, यादीत तुमचं नाव आहे. रविवारी लेटर."

काका खाली बसले. डब्यातून नवं गांडूळ काढून त्यांनी गळाला लावलं. वाकडं लागलं. काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा वाकडं. मी त्यांच्या हातातून घेतलं, पण मला तर कधीच जमलं नव्हतं.

महिन्याभरात ते गावी गेले आणि तो डबा माझ्या अल नहदाच्या घरी आला. एका उन्हाळ्यात गाडीत विसरलो, तर सगळी गांडुळं वितळून त्यांचा एक गोळा झाला. मुलगी म्हणते, "बाबा, थ्रो इट ना!" मी टाकत नाही.

त्या शुक्रवारी मात्र मी वाट पाहत होतो, की काका आता इराण हादरेल असे ओरडतील. मला शिव्या देतील, निदान मॅनेजरला तरी.

"काका, काहीतरी बोला ना."

"लेटर सकाळी लवकर दे," ते म्हणाले. "आठनंतर मी वर असतो."