पदवीधरांची भावकी

शिक्षण संपलं की माणूस विद्यापीठातून बाहेर पडतो, ही गोष्ट साऱ्या जगाला पटली होती. माझ्या मामेसासऱ्यांना मात्र ती मरेपर्यंत पटली नाही. "मुलगी सासरी गेली म्हणून माहेर सुटतं का हो, जावईबापू?" असं ते मला विचारायचे. एका विद्यापीठाचे पदवीधर म्हणजे एकाच आईची लेकरं, म्हणजे भावकी, आणि भावकी म्हटली की सोयरसुतक आलंच. असं नुसतं बोलायला कुणाचं काय जातं? पण आमचे मामा बोलून थांबणारे नव्हते. ते पाळायचे!

तिसगावात बी. ए. झालेले ते एकटेच. वडील अचानक गेले म्हणून घरचं कुलकर्णीपणाचं वतन सांभाळायला गावी आले आणि तिथेच रुतले. कॉलेजात ज्या पुस्तकांवरून मित्रांशी भांडण होईस्तोवर वाद घातला, त्यातलं एक वाक्य ऐकून घेईल असं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. घरात मूल नाही. मग मामांनी जिल्हाभरातले आपल्या विद्यापीठाचे पदवीधर हुडकून काढले आणि त्यांनाच गणगोत करून टाकलं. खर्ड्याच्या बी. ए. मास्तरांना मुलगा झाला की इकडे मामांच्या घरी देवपूजा बंद!

एकदा बाजाराच्या दिवशी कुणीतरी सांगितलं की आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याचे वकील वारले. वकील बी. ए. होते आणि मामांनी त्यांना नुकतंच एक पत्र धाडलं होतं, एवढीच काय ती ओळख. मामांनी तडक विहिरीवर अंघोळ केली आणि सुतक धरलं. दाढी नाही, गोडधोड नाही, आमटीला मीठ नाही की फोडणी नाही. मामी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "त्या मेल्याला यांनी जन्मात पाहिलं नाही, आणि मी माझ्या लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही!" सुतक अजून फिटायचं होतं, तोच लढाईच्या दिवसांतल्या कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून एक धडधाकट गृहस्थ उतरले. पाथर्डीच्या कोर्टात काम निघालं, वाटेत तिसगावच्या भाऊबंदाला भेटून जावं म्हणून आलेले तेच अकोल्याचे वकील. मामांनी त्यांना कडकडून मिठी मारली, डोळे पुसले आणि मग म्हणाले, "हे पाहा, धरलेलं सुतक मध्येच सोडता येत नाही. तुम्हालाही अळणीच जेवावं लागेल." वकील बिचारे स्वतःच्या सुतकाची आमटी भुरकून पाथर्डीला गेले.

माझं लग्नसुद्धा या भावकीनंच जमवलं. माझी बायको मामांची भाची, आईबाप लहानपणीच गेल्यामुळे त्यांच्याकडेच वाढलेली. तिला सांगून आलेली दोन चांगली पदवीधर स्थळं मामांनी परत पाठवली. कारण काय, तर सगोत्र विवाह! मी बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलो आणि माझं बी. ए. राहिलं ते राहिलंच. हे कळल्यावर मामांनी आनंदानं सुपारी फोडली. "मुलगा उत्तम आहे, आणि आपल्यातला नाही," ही त्यांनी माझी केलेली सर्वांत मोठी स्तुती.

पण त्या स्तुतीची शिक्षाही होती. दरवर्षी पदवीदानाच्या दिवसांत मामा तिसगावात भावकीची पंगत घालायचे. गावोगाव जाऊन अक्षता देऊन यायचे. पंगतीत पहिल्या वर्गाचे वर, दुसऱ्याचे खाली. मामा स्वतः तिसऱ्या वर्गात पास, त्यामुळे स्वतःच्याच घरात दाराशी, चपलांपाशी बसत. मी पडलो सोयरा. मला त्या पंगतीत पान नाही. मी पुरणपोळ्या वाढायच्या आणि मागाहून मामींबरोबर जेवायचं. हसत होतो, पण त्या पानांकडे बघून आत कुठेतरी दुखायचंच.

हळूहळू पानं कमी होऊ लागली. कुणाची बदली झाली, कुणी थकलं. आणि त्यात जवळच नवीन विद्यापीठ निघालं. मामा अक्षता घेऊन गेले तर लोक म्हणाले, "आता आमचं कॉलेज तिकडे गेलं." "वाटणी झाली म्हणून भावकी तुटते का?" मामा विचारत राहिले. त्या वर्षी पानं मांडून झाली, उन्हं कलली, मोटार येऊन गेली. गडी म्हादू रस्त्यावरून परत आला. "मालक, मोटारीतनं कुनी बी उतरलं न्हाई."

मामा दाराशी आपल्या पाटावर बसून होते. त्यांच्याकडे बघवेना. रिकाम्या पानांकडे बघत ते म्हणाले, "वंश बुडायला आला की काय करतात हो?"

"दत्तक घेतात," मामी म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

मामा ताडकन उठले. पदवीदानाचा जुना काळा झगा काढून आणला, मांडी घातली आणि मला म्हणाले, "या." माझ्यासारखा दांडगा गडी त्यांच्या मांडीवर बसला. मामी ओरडल्या, "अहो, दत्तकाला देणारा लागतो!"

"याला विद्यापीठातून नेलं सरकारनं. देणारं सरकार. म्हादू, तू इंग्रज सरकार."

"आन् ते तर गेलं की, मालक!"

"जाताना एवढं काम राहून गेलं होतं."

म्हादूनं मुंडासं सावरलं. "मग घ्या. दिला ह्यो जावई."

"अगं बाई, मग पोरीचं लग्न सगोत्र झालं की!" मामींना घाम फुटला. "कायदा मागे जाऊन लागत नाही," मामांनी निकाल दिला आणि माझ्या खांद्यावर झगा टाकला. मग शेजारच्या पानाकडे बोट दाखवून म्हणाले, "बस रे. जेव पोटभर." इतकी वर्षं मी जावईबापू होतो. त्या दिवशी पहिल्यांदा 'अरे' झालो. पोळी तोडताना मला पान दिसेना.

पुढच्या पंगतीआधीच मामा गेले. न्हावी दाढीला आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं. "जावयाला कशाचं सुतक?" तो म्हणाला. "भावकी आहे," मी म्हणालो. दहाव्या दिवशी नदीवर कावळा पिंडाला शिवेना. मामींनी हात जोडले, घर सांभाळीन म्हणाल्या, तुळशीला पाणी घालीन म्हणाल्या. कावळा ढिम्म. शेवटी मी पुढे झालो. "मामा, या वर्षीही पानं मांडू. कुणी नाही आलं तरी मी बसेन. दाराशीच बसेन."

कावळा उतरला. मामी रडता रडता माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अरे, पण तू बसलास तर वाढायचं कुणी?"